ताई, जपानीत बीए करू का?

पनवेल परिसरातली मुलं-मुली हल्ली माझ्याकडे हाच एक प्रश्न घेऊन येतात. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची पहिली-दुसरी पायरी, म्हणजे एन-फाइव्ह किंवा एन-फोर, झालेली असते, बारावी तोंडावर असते, आणि घरी वाद चालू असतो. बहुतेकांची सुरुवात ॲनिमेपासून झालेली. माझी 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकापासून झाली. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद शाळेच्या वाचनालयात हाती लागला, मग शिरीष पै यांचे हायकू, मग लिपी गिरवायची हौस. ती हौस पुढे मला पुण्यात पदवीच्या वर्गापर्यंत घेऊन गेली. तरी या मुलांना मी लगेच 'कर' म्हणत नाही. आधी विचारते, या भाषेतलं तुला सगळ्यात कंटाळवाणं काय वाटतं? ज्याला हे सांगता येत नाही, त्याने अजून जपानी पुरती पाहिलेलीच नाही, असं मी धरून चालते.

मराठी माणसाला ही भाषा सुरुवातीला फारच जवळची वाटते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. अक्षरांचा क्रमसुद्धा ओळखीचा: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेलेली ही मांडणी. आणि संयुक्त क्रियापदं आली की हरखूनच जायला होतं. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं. त्यातलं 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणं आणि 'ओकु' म्हणजे ठेवणं! इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे घोकावं लागतं, ते आपल्याला फुकटात मिळतं. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचे पहिले 25 धडे त्यामुळे भराभर होतात, आणि घरात सगळे म्हणायला लागतात की पोरीला भाषेची उपजत जाण आहे.

ही फुकटची कमाई देण्याघेण्यापाशी संपते. आपण नुसतं 'दिलं' म्हणतो. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु', आणि देणारे आपले सर असतील तर 'कुदासारु'. खाण्याचंही तेच. साधं 'ताबेरु', सर खातात तेव्हा 'मेशिआगारु', आणि मी नम्रपणे सांगते तेव्हा 'इतादाकु'. तू-तुम्ही-आपण एवढ्यावर निभावणाऱ्या आपल्या जिभेला हे वळण लागायला वर्षं जातात. मग कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं. जपान सरकारच्या 2010 सालच्या यादीत नित्य वापराच्या कांजी 2,136 आहेत. त्यातली जीवन, जन्म, कच्चं अशा अर्थांची एकच खूण कुठे सेइ, कुठे शो, कुठे नामा, कुठे की अशी वाचायची.

पदवीच्या वर्गात माझी खरी गाठ पडली ती गेन्को योशीशी. निबंधासाठीचा हा चौकटींचा कागद, एका पानावर 400 घरं. लिहायचं उभं, ओळी उजवीकडून डावीकडे. परिच्छेदाचं पहिलं घर रिकामं. पूर्णविरामालाही स्वतःचं घर, पण तो नव्या ओळीच्या डोक्यावर येता कामा नये. येत असेल तर आधीच्या ओळीतल्या शेवटच्या अक्षराच्याच घरात त्याला कोंबायचा. मधला एक शब्द चुकला की पुढची सगळी घरं सरकतात, आणि खोडरबराने कागद काळा होतो. मला त्यात मजा येत असे (माणसं विणकामात रमतात, तशी). माझ्याहून किती तरी हुशार, गाणी तोंडपाठ असलेली मुलं मात्र या कागदापुढे हात टेकून बसलेली मी पाहिली. त्यांची आवड खोटी नव्हती. ती ऐकण्या-बघण्याची होती, लिहिण्याची नव्हती.

जेएलपीटीच्या निकालातून हे कळत नाही. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणारी ही परीक्षा सगळी पर्यायी उत्तरांची असते. तिच्यात बोलायचं नसतं आणि हाताने एक अक्षरही लिहायचं नसतं. एन-फाइव्हला 180 पैकी 80 गुणांना पास. प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जावर उपयोगी आहे, यात वाद नाही. पण बीए झेपेल की नाही हे त्यावरून ठरवू नये.

उलट गंमतही होते. दिल्लीच्या जेएनयूमध्ये पहिलं वर्ष शून्यापासून, म्हणजे हिरागानाच्या मुळाक्षरांपासून सुरू होतं. एन-थ्री करून तिथे जाणाऱ्याने वर्षभर जांभया आवरायची तयारी ठेवावी. हैदराबादला इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ आहे, शांतिनिकेतनला विश्वभारती आहे, आणि आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. पनवेलहून एक्सप्रेसवेने रोज ये-जा करू, असं काही पालक म्हणतात. करू नका. भाषा वर्गानंतरच्या गप्पांत आणि वाचनात येते, आणि तो वेळ कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये जातो.

नोकरीबद्दल आमच्याकडे अटल सेतूचा दाखला देतात. सेतू जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून झाला, तेव्हा जपानी येणाऱ्याला मरण नाही, असं एक काका मला ऐकवतात. पण पूल बांधायला लागतात अभियंते. दुभाषे लागतात मोजकेच. आयटीतही एन-टूसोबत हातात दुसरं काम असलेल्याला भाव जास्त. म्हणून दहातल्या सात-आठ जणांना मी सांगते की बीकॉम, इंजिनिअरिंग, जे करायचं ते कर, आणि जपानी संध्याकाळी शीक. 'जपानला पाठवतो' म्हणणाऱ्या एजंटाकडे पैसे भरायच्या आधी हेही लक्षात घ्या, की 2019 पासूनच्या कुशल कामगार व्हिसाला पदवी लागतच नाही; त्या क्षेत्राची कौशल्य चाचणी आणि एन-फोरइतकी भाषा लागते.

उरलेल्या दोघा-तिघांना मात्र बीएलाच पाठवते. प्रवेशाआधी तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका मिळवायला लावते. त्यात भाषांतर असतं, साहित्य असतं, इतिहास असतो. ते वाचून डोळे चमकले तर पालकांशी मीच बोलते. त्यांच्यासाठी जपानच्या शिक्षण मंत्रालयाची एक वर्षाची निक्केनसेइ शिष्यवृत्तीही आहे, तिकडच्या विद्यापीठात राहून शिकायची. ती जपानी हाच मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी असते. संध्याकाळच्या क्लासवाल्याला ती मिळत नाही, मग त्याचं एन-वन झालेलं का असेना.