सिरॅमिक, काच आणि काच-सिरॅमिक : गुणधर्म व उपयोग



गार ग्लासात उकळता चहा ओतला की कधी कधी 'तड्' आवाज होतो आणि ग्लास तडकतो. पण प्रयोगशाळेतली परीक्षानळी थेट ज्योतीवर धरली तरी टिकते. दोन्ही काचच, मग हा फरक का? आजचा पाठ नीट समजून घ्या. तो परीक्षेला तर उपयोगी आहेच, पण घरात हात भाजण्यापासूनही वाचवेल.

१) सिरॅमिक

माती मळून, आकार देऊन, वाळवून भट्टीत भाजली की तिचे कण एकमेकांना कायमचे जोडले जातात. भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाही, तो यामुळेच.

माठ कमी तापमानाला भाजतात. त्यात बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं, त्याचं बाष्पीभवन होतं आणि आतलं पाणी गार होतं. चिनीमातीत केओलिन, फेल्स्पार आणि क्वार्ट्झ असतं. ती साधारण 1200 ते 1400 अंश सेल्सिअसला भाजतात. फेल्स्पार वितळून छिद्रं बुजतात, वरून काचेसारखा लेपही असतो. म्हणून लोणच्याचं मीठ आणि आंबटपणा बरणीला काही करत नाही.

गुणधर्म : कठीण, ठिसूळ, उष्णता सहन करणारे, विजेचे दुर्वाहक.
उपयोग : कौलं, फरशा, बरण्या, विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर.

२) काच

साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून बनते. नुसती वाळू वितळायला सुमारे 1700 अंश लागतात. सोड्यामुळे ते तापमान बरंच उतरतं. पण नुसता सोडा घातला तर काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनखडी हवीच. काचेतल्या अणूंची रचना स्फटिकासारखी नियमित नसते, म्हणून काच अस्फटिकी स्थायू आहे.

आता चहाच्या ग्लासाकडे बघा. काच उष्णतेची मंद वाहक आहे. आतला थर लगेच तापून प्रसरण पावतो, बाहेरचा गारच राहतो. या ओढाताणीत काच तडकते. ग्लास जितका जाड, तितका हा धोका जास्त. 'जाड आहे म्हणजे मजबूत' हा समज इथे फसवा ठरतो!

१ मीटर लांबीची पट्टी 100 अंशांनी तापवली तर ती साधारण किती वाढते बघा :
• साधी काच : 0.9 मिलिमीटर
• बोरोसिलिकेट काच : 0.33 मिलिमीटर
• काच-सिरॅमिक (शेगडीसाठीचे) : जवळजवळ शून्य

परीक्षानळी बोरोसिलिकेट काचेची असते. प्रसरण कमी, म्हणून ताणही कमी.

३) काच-सिरॅमिक

1953 मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टूकी काचेची पट्टी 600 अंशांना तापवत होते. भट्टी बिघडली आणि तापमान 900 पर्यंत गेलं. काच वितळून गेली असेल असं त्यांना वाटलं. पण निघाली दुधासारखी पांढरी पट्टी! ती चिमट्यातून निसटून खाली पडली, तरी फुटली नाही. उष्णतेने काचेत असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते.

म्हणजे आधी काचेसारखं ओतून आकार द्यायचा, मग ठरावीक तापमानाला ठेवून स्फटिक वाढवायचे. हे स्फटिक तडा पुढे सरकू देत नाहीत.

उपयोग : विजेच्या शेगडीचा वरचा गुळगुळीत पृष्ठभाग, मोठ्या दुर्बिणींचे आरसे, दातांच्या टोप्या.

लक्षात ठेवा : साध्या काचेचं भांडं गॅसवर ठेवू नका. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत गरम पाणी ओतू नका. तापलेलं काचेचं भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका. काच गरम आहे की गार, हे नुसतं बघून कळत नाही!

स्वाध्याय

१. माठाला आतून-बाहेरून ऑइलपेंट लावला तर पाणी गार होईल का? कारण सांगा.
२. दुर्बिणीच्या आरशासाठी जवळजवळ शून्य प्रसरण का हवं?
३. घरातील पाच वस्तूंचं सिरॅमिक आणि काच असं वर्गीकरण करा.