आत शांत, बाहेर घरघर

छोटे, आधी एक ऐक. दुकानातला कॉम्प्युटर तापतो म्हटलं की जो येईल तो नवा घ्यायला सांगेल. तू घाई करू नको. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, विंडोज एक्सपी नुसता उघडून ठेवला, पेजमेकरला कोणी हातही लावला नाही, तरी पंखा घरघरतो आणि बाकीची कामं रेंगाळतात, एवढं तू मला सांगितलंस. शोधायला सुरुवात करण्यापुरतं ते भरपूर आहे. हा शोध दुकानाच्या खुर्चीत बसूनच लागतो, आणि तो तुझा तुला लावता येतो. म्हणूनच आज निवांत बसून हे सगळं लिहितेय.

कोणी विचारलं की एक्सपी अजून कशाला ठेवला, तर ओशाळू नको. कळमेश्वरातलंच काय, नागपूर-काटोल रस्त्यावरचं कुठलंही जुनं डीटीपीचं दुकान घे, हीच गोष्ट सापडेल. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. त्याआधीच, १९९९ साली, ॲडोबीनं इनडिझाइन बाजारात आणलं होतं, आणि पेजमेकर पुढे वाढलंच नाही. पण आपल्याकडच्या लग्नपत्रिका, संत्रा बागायतदारांची बिलबुकं, शाळांची प्रमाणपत्रं, सगळं त्यातच बसवलेलं. अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीची, नाहीतर पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएमची. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर नव्या प्रोग्रॅममध्ये वराचं नाव निरर्थक रोमन अक्षरांत उमटतं. त्यात फॉन्टच्या परवान्यासाठी लागणाऱ्या डोंगलचा जुना ड्रायव्हर आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. बाबांचा हिशोबाचा डॉसमधला प्रोग्रॅम तर त्यावर उघडतच नाही, कारण १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच ६४ बिटच्या विंडोजमध्ये नाही. तेव्हा एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. तो नीट कसा सांभाळायचा, एवढाच प्रश्न.

आता मुळाशी जाऊ. प्रोसेसर आपणहून विश्रांती घेत नाही, त्याला तसं सांगावं लागतं. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ पासून त्याच्याकडे 'हॉल्ट' नावाची आज्ञा आहे. हाती काम नसलं की ऑपरेटिंग सिस्टिम ती आज्ञा देते आणि पुढची हाक येईपर्यंत प्रोसेसर थांबतो. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजनं हॉल्ट दिला की तो ही मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमच्या हाती येतो, आणि तेवढा वेळ खरा प्रोसेसर दुसऱ्या कामाला मोकळा होतो. घोटाळा दोनच ठिकाणी होतो. एक तर आतून हॉल्ट येतच नाही. किंवा येतो, पण लगेच कोणीतरी पुन्हा उठवतं, सेकंदाला शेकडो वेळा. तू जे जे तपासणार आहेस, ते या दोन्हीपैकी कुठलं आहे हे ओळखण्यासाठीच.

म्हणून पहिलं काम मोजायचं. एक्सपी पूर्ण बंद ठेव, बाकीचंही बंद कर, आणि थोडा वेळ नुसता पंखा ऐक. तेव्हाही तो जोरात असेल तर व्हर्च्युअल मशीनला दोष देऊ नको. आधी आत साचलेली धूळ साफ करून घे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि फार तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. तेव्हा एक्सपी नसतानाही सगळं संथ वाटतं.

पंखा शांत असेल तर एक्सपी सुरू कर, त्याला पाच-दहा मिनिटं स्थिरावू दे, आणि दोन आकडे घे. आतला आकडा एक्सपीच्या टास्क मॅनेजरमधला. तो उघडायला उजवीकडचं कंट्रोल आणि डिलीट एकत्र दाब. तिथे 'सिस्टिम आयडल प्रोसेस' पुढे ९८ दिसलं तर घाबरू नको, एक्सपी ९८ टक्के रिकामा आहे असा त्याचा अर्थ. बाहेरचा आकडा तुझ्या नेहमीच्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला. तिथे डीटेल्समध्ये 'व्हर्च्युअलबॉक्सव्हीएम' नावाची ओळ शोध.

बाहेरच्या आकड्यात एक मेख आहे. तो सगळ्या कोअर मिळून मोजलेला असतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर चार लॉजिकल प्रोसेसर दिसत असतील, तर बाहेरचे २५ टक्के म्हणजे एक प्रोसेसर पूर्णपणे जुंपलेला. तुझ्या एक्सपीला एकच प्रोसेसर दिलेला असेल, तर २५ हा त्याच्यासाठी पुरता शंभर झाला. 'पंचवीसच तर आहे' म्हणून सोडून देऊ नको.

हे दोन आकडे म्हणजे भाडेकरूच्या खोलीतले दिवे आणि बाहेरचं मीटर. खोलीत दिवे लागलेले असतील तर ते बंद करायचे. दिवे बंद असून मीटर पळत असेल तर वायरिंग तपासायचं. दिवे न पाहताच वायरिंग उकलायला बसू नये.

आधी समजू की आतही प्रोसेसरचा वापर मोठा आहे. मग एक्सपीच्या प्रोसेसच्या यादीत सीपीयूच्या रकान्यावर क्लिक कर, म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. तो बहुतेक ओळखीचा निघेल.

'एसव्हीसीहोस्ट' वर असेल तर पहिला संशय ऑटोमॅटिक अपडेट्सवर घे. २०१३ च्या अखेरीला जगभरच्या एक्सपी मशीन याच कारणानं शंभर टक्क्यांवर अडकत होत्या. एका अपडेटच्या जागी दुसरं, दुसऱ्याच्या जागी तिसरं अशी लांबलचक साखळी झाली होती आणि ती तपासण्यातच प्रोसेसर अडकून पडायचा. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधारच संपला. आता तिथे शोधण्यासारखं काही उरलेलं नाही, कंट्रोल पॅनेलमधून ते बंदच कर.

'एनटीव्हीडीएम' वर असेल तर तो बाबांचा डॉसमधला हिशोब. डॉसचे बरेच प्रोग्रॅम 'कळ दाबली का, कळ दाबली का' असं अखंड विचारत बसतात. त्या काळी एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. आज त्यात अख्खा प्रोसेसर जातो. त्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघड, 'मिस्क' मध्ये 'आयडल सेन्सिटिव्हिटी' ची पट्टी 'हाय' कडे सरकव. आणि हिशोब झाला की प्रोग्रॅम बंद करायची सवय बाबांनाही लाव. प्रेमानं सांगितलं की ऐकतात ते.

तिसरा आहे स्क्रीनसेव्हर. नळ्या फिरणारा तो थ्रीडी स्क्रीनसेव्हर दिसायला छान, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये ते सगळं चित्र बहुतेक प्रोसेसरलाच काढावं लागतं. तू पत्रिका घेऊन ग्राहकाशी बोलत असतेस आणि तो मागे फिरतच असतो. 'नन' करून टाक.

अनोळखी नावाची प्रोसेस वर दिसली तर मात्र सावध हो. एक्सपीला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. म्हणून त्याला इंटरनेट देऊच नको. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड' ची खूण काढ. फाइल आतबाहेर न्यायला शेअर्ड फोल्डर पुरतं. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह थेट एक्सपीला लावू नको, हे मी ताई म्हणून बजावून सांगतेय.

आता दुसरा प्रसंग. आत ९८ टक्के रिकामं, आणि बाहेर २५. म्हणजे मशीनच्या मांडणीत काहीतरी आहे. सेटिंगला हात लावण्याआधी एक्सपी नीट शट डाउन कर. नुसता 'सेव्ह' केलेला असेल तर बरेच पर्याय करडे दिसतील आणि बदलता येणार नाहीत. मग त्याच्या डिस्कच्या फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढ. दुकानाची इतक्या वर्षांची कमाई त्या एका फाइलमध्ये आहे.

प्रोसेसरची संख्या बघ. एक्सपी आणि पेजमेकरला एक पुरतो. पण एक्सपी आधीच दोन प्रोसेसरवर बसवलेला असेल तर नुसता आकडा एकवर आणून भागत नाही. आतली 'हॅल' नावाची पायाभूत फाइल बहुप्रोसेसरचीच राहते, आणि अशा बेमेळानं रिकामी मशीन उगीच प्रोसेसर खाते, हे जुनं ओळखीचं दुखणं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॉम्प्युटर' खाली काय लिहिलंय ते मला कळव, त्यावर आपण दोघी मिळून ठरवू. 'आयओ एपिक' ची खूण असेल तर ती अजिबात काढू नको, बसवलेलं विंडोज नंतर सुरूच होणार नाही.

मग पॉइंटिंग डिव्हाइस. तिथे 'यूएसबी टॅबलेट' असेल तर 'पीएस टू माउस' कर. यूएसबीचा जुना कंट्रोलर सेकंदाला हजार वेळा चौकशी करत राहतो, आणि ते नाटक खऱ्या प्रोसेसरला वठवावं लागतं. माउस आतबाहेर सहज फिरायला व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स बसवलेले असले की झालं. डोंगल लागतं म्हणून यूएसबी पूर्ण बंद करता येणार नाही. आवाज आणि थ्रीडी ॲक्सिलरेशन मात्र काढून टाक, पत्रिकेला दोन्ही लागत नाहीत.

आणि एक्सपी चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीकडे बघ. तिथे हिरवं कासव दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची मदत थेट मिळत नाहीये, मध्ये विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही बसलाय. 'विंडोज फीचर्स' मधलं 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' किंवा सुरक्षेतलं 'मेमरी इंटेग्रिटी' चालू असलं की असं होतं. पहिलं तुला लागत नसेल तर बंद कर. दुसरं तुझ्या रोजच्या विंडोजचं संरक्षण आहे, ते काढण्याआधी मला विचार.

कोणी सांगेल, 'प्रोसेसर वापरायची मर्यादा, ती एक्झिक्युशन कॅप, चाळीसवर आण, पंखा गप्प होईल.' होईल, पण कारण तिथेच राहील, आणि भर लग्नसराईत पेजमेकर पान उलटायला वेळ लावेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलंय की अशी मर्यादा घातल्यानं आतल्या मशीनच्या वेळेचं गणित बिघडू शकतं.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं का तपासायचं, असं मनात आलं असेल तर एक खरी घटना सांगते. १ जुलै २०१२ ला आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. लिनक्सच्या एका दोषामुळे हजारो सर्व्हरांवर झोपलेले प्रोग्रॅम लगेच जागे होत, पुन्हा झोपत, पुन्हा जागे होत राहिले. जर्मनीतल्या हेट्झनर कंपनीनं आपल्या ग्राहकांना कळवलं की त्या रात्री त्यांच्या यंत्रांचा वीजवापर सुमारे एक मेगावॉटनं वाढला. नवं काम एकही आलेलं नव्हतं. उपाय काय निघाला? तारीख पुन्हा एकदा तीच भरायची, किंवा मशीन बंद करून चालू करायची. तिथल्या माणसांना ते सापडलं, कारण ते आकडे बघत होते.

तूही तसंच कर. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि पुन्हा दोन्ही आकडे घे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पंखा शांत झाला, तर कशानं झाला हे कळणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तू पुन्हा तिथेच उभी असशील. दुकानातल्या ऑर्डरच्या वहीचं मागचं पान यासाठी ठेव: तारीख, काय बदललं, आतला आकडा, बाहेरचा आकडा.

सवयीची एक गोष्ट आजपासूनच लाव. पत्रिका झाली, प्रूफ गेलं, की एक्सपी उघडा सोडू नको. खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवड. काही सेकंदांत तो आहे तिथे थांबतो, प्रोसेसर पूर्ण मोकळा होतो, आणि पुन्हा उघडलास की पेजमेकरचं तेच पान समोर येतं. लाइट जायच्या दिवसांत तर हे हवंच, यूपीएसवरचा भारही तेवढा कमी.

आणि पाऊस लागला, लग्नसराई ओसरली, की जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला घे. रोज एखादी पुरे. ज्या गिऱ्हाइकांचा मजकूर दरवर्षी तोच येतो, त्यांच्यापासून सुरुवात कर. एक्सपी लगेच सुटणार नाही, पण त्याची गरज दर महिन्याला थोडी कमी होईल.

शेवटी मनातलं सांगते. दुकानात कोणी मेकॅनिक आला की तू बाजूला उभी राहतेस आणि तो बाबांशी बोलतो, हे मला खटकतं. मशीन तू चालवतेस, तिचं दुखणं तुला सगळ्यात आधी कळतं. पुढच्या वेळी तो 'बोर्ड गेलाय, नवा लागेल' म्हणाला, की वही उघड आणि विचार: आत दोन टक्के आणि बाहेर पंचवीस का, ते सांगा. उत्तर देता आलं तर त्याच्याकडून शिकून घे. नाही आलं तर पैसे काढू नको. वहीच्या त्या पानाचा फोटो मला पाठव, रविवारी फोनवर एकेक ओळ बघू.