दोन स्कोपची पारख: एक तक्ता, शंभर मीटर

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजीत मात्र तो लागतोच, कारण तिथे १००० यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १० इंचांचे असते. असा स्कोप घ्यायचा तर पैसे लाखांत जातात. दुकानाच्या दारातून दोन स्कोपमधून आलटून पालटून पाहिले, की जो फरक दिसतो तो बहुधा हवेचा, फोकसचा किंवा आपल्याच डोळ्याचा असतो. हे तिन्ही आधी बाजूला काढावे लागतात, तेव्हा भिंगाचा खरा फरक दिसतो.

साहित्य

रायफलीवरून उतरवलेले दोन्ही स्कोप (इथे उदाहरण ५-२५×५६ चे), दोन भक्कम ट्रायपॉड, यूएसएएफ १९५१ हा चाचणी-तक्ता, व्हर्नियर कॅलिपर, लहान मोनोक्युलर, वही आणि एक मदतनीस.

कृती

१. तक्ता चकाकी नसलेल्या पांढऱ्या कागदावर लेझर प्रिंटरने मूळ मापात छापा. ‘उणे २’ गटातल्या पहिल्या घटकाची रेघ २ मिमी जाड आणि १० मिमी लांब भरली पाहिजे. तक्ता पुठ्ठ्यावर डकवून १०० मीटरवर, सावलीत उभा करा.

२. वेळ सकाळची किंवा दिवस ढगाळ निवडा. नजरेच्या वाटेत डांबर किंवा काँक्रीट नको, गवत चालेल. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की महागडे भिंगही धूसर दिसते. स्कोप अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

३. दोन्ही स्कोप शेजारी शेजारी, एकाच उंचीवर बसवा आणि विशालन २५ वर आणा. कड्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. स्कोप उजेडाकडे रोखून नेत्रिकेमागे कागद धरा. त्यावर उमटणारी प्रकाशाची चकती ५६ भागिले २५, म्हणजे साधारण २.२ मिमी असावी.

४. सूर्य नसलेल्या बाजूच्या कोऱ्या आकाशाकडे पाहून नेत्रिका अशी लावा की क्रॉसहेअर पहिल्याच नजरेत रेखीव दिसेल. टक लावून पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग बाजूच्या पॅरॅलॅक्स नॉबने तक्ता स्पष्ट करा. डोके किंचित हलवल्यावर क्रॉसहेअर तक्त्यावर सरकत असेल, तर पुन्हा नेत्रिकेपासून सुरुवात करा.

५. मदतनीसाला दोन्ही नावे कागदाने झाकायला सांगा. ज्या घटकातल्या आडव्या आणि उभ्या तिन्ही रेघा सुट्या मोजता येतात, असा सर्वांत बारीक घटक नोंदवा. क्रम पहिला, दुसरा, दुसरा, पहिला असा ठेवा. मग जागा बदलून मदतनीसालाही पाहू द्या.

६. आता नेत्रिकेमागे मोनोक्युलर धरून तेच वाचन पुन्हा घ्या. ही पायरी टाळू नका. निरोगी डोळ्याला साधारण ६० विकलांपर्यंतचा (आर्कसेकंद) तपशील दिसतो, म्हणजे २५ पट विशालनात २.४ विकला. ५६ मिमीच्या भिंगाची मर्यादा मात्र सुमारे २ विकला आहे. त्यामुळे नुसत्या डोळ्याने पाहिले तर भिंगाआधी डोळाच थकतो आणि दोन्ही स्कोप सारखे वाटतात. १०० मीटरवर २ विकला म्हणजे जवळपास १ मिमी, तक्त्यावर ० गटाचा पहिला घटक. त्याच्या बरेच पुढे वाचता आले, तर अंतर किंवा छपाई चुकली आहे.

७. तक्ता दृश्याच्या कडेला आणा. पुन्हा फोकस केल्यावर तो स्पष्ट झाला, तर दोष प्रतिमेच्या वक्रतेचा आहे. नाही झाला, तर दोष दुसरा आणि अधिक त्रासाचा आहे. मग पांढऱ्या आकाशापुढची काळी फांदी पाहा आणि तिच्या काठाला जांभळी किंवा हिरवी झालर दिसते का ते नोंदवा.

८. सूर्य दृश्याबाहेर, एका बाजूला राहील अशा रीतीने सावलीतल्या झाडीवर स्कोप रोखून पक्का करा, मगच डोळा लावा. काळोखे भाग पांढुरके दिसले तर भटका प्रकाश आत शिरतो आहे. स्कोपमधून सूर्याकडे कधीही पाहू नका.

९. संध्याकाळी ठरावीक घटक कोणत्या मिनिटाला दिसेनासा होतो ते लिहा. एक वस्तुभिंग ५० मिमीचे आणि दुसरे ५६ चे असेल, तर दुसरे मुळातच २५ टक्के जास्त प्रकाश घेते. ते श्रेय काचेच्या दर्जाला देऊ नका.

निकाल कसा लावावा

तक्त्यावरची प्रत्येक पायरी, म्हणजे पुढचा घटक, आधीच्यापेक्षा सुमारे १२ टक्के बारीक असते. एका पायरीचा फरक दोघांनाही, दर फेरीत दिसला तरच तो खरा माना. फरक फक्त मोनोक्युलर लावल्यावर दिसत असेल, तर नेमबाजाला त्याचा उपयोग नाही: स्वस्त स्कोप घ्या आणि उरलेले पैसे काडतुसांवर, सरावावर घाला.