हरिण, गवा आणि रायफल : शस्त्र व काडतूस यांची निवड

चेन्नईच्या पश्चिम भागात अण्णा नगर ही मोठी वसाहत आहे. १९६८ साली तेथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले होते व त्या वेळी बांधलेला मनोरा तेथील उद्यानात आजही उभा आहे. या वसाहतीतील रहिवाशास हरणांचा कळप पाहावयाचा झाल्यास निलगिरीपर्यंत जाण्याचे कारण नाही. शहरातच गिंडी येथे सुमारे पावणेतीन चौरस किलोमीटर क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान असून चितळ व काळवीट तेथे मोकळे चरत असतात. एके काळी हे रान शिकारीसाठी राखलेले होते. शिकारीचे रान ते संरक्षित उद्यान हा गिंडीचा प्रवास म्हणजे सबंध देशाच्या शिकारविषयक धोरणाचा प्रवास होय.

जुन्या मद्रास इलाख्यात शिकारीस नियम घालून देण्याचा विचार पुष्कळ आधी सुरू झाला. १८७७ साली निलगिरीत शिकारी प्राण्यांच्या रक्षणासाठी एक संघ स्थापन झाला आणि १८७९ साली त्या जिल्ह्यापुरता कायदाही झाला. कोणता प्राणी केव्हा मारू नये, हे अशा नियमांनी ठरविता येत असे. परंतु तो कशाने मारावा, हा प्रश्न बहुतांशी शिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेला होता. ही समजूत अपुरी पडली म्हणजे काय घडते, याची उदाहरणे भारतीय शिकारीच्या इतिहासात जागोजागी आढळतात.

जखमी प्राण्याचा प्रश्न

१९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळात व कुमाऊँत मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. तिचे शव तपासले असता उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. ही इजा जुन्या बंदुकीच्या गोळीने झाली होती व तिच्यामुळेच वाघिणीला नेहमीचे भक्ष्य मारता येईनासे झाले, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. कोणा अज्ञात माणसाने झाडलेल्या एका अपुऱ्या गोळीची किंमत शेकडो निरपराध माणसांनी मोजली.

म्हणून रायफल व काडतूस यांची निवड हा केवळ हौसेचा विषय नाही. प्राण्यास तत्काळ मरण येईल की तो जखमी होऊन दिवसचे दिवस तळमळत राहील, हे पुष्कळ अंशी या निवडीवर अवलंबून असते.

बंदूक आणि रायफल

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीला आतून मळसूत्रासारखे आटे असतात. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत पुढे जाते व दिशा सोडत नाही. बंदुकीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची बंदूक होय. तिच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. रायफलीचे माप मात्र इंचाच्या अंशांत किंवा मिलिमीटरमध्ये देतात; .३१५ म्हणजे इंचाचा ३१५ सहस्रांश, अर्थात ८ मिलिमीटर.

बारा बोअरच्या दुनळी बंदुकीने हरिण मारण्याची रीत भारतात सर्वत्र होती. त्यासाठी एल. जी. किंवा एस. जी. नावाचे मोठे छर्रे वापरीत. हे छर्रे जसजसे पुढे जातात तसतसे पांगतात व त्यांचा वेगही लवकर घटतो. तीसेक पावलांच्या आत ते प्राणघातक ठरतात. परंतु त्यापलीकडे एखाददुसरा छर्रा पोटात किंवा मांडीत घेऊन चितळ पळून जाण्याचाच संभव अधिक. १८८० नंतरच्या काळात नळीच्या तोंडाजवळील काही इंचांतच आटे पाडलेली ‘पॅराडॉक्स’ बंदूक इंग्लंडात निघाली. तिच्यातून छर्रे आणि गोळी दोन्ही झाडता येत. तथापि लांबच्या नेमास तीही अपुरीच होती.

काडतुसाचे गणित

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. गोळीची शक्ती तिच्या वजनावर व वेगावर अवलंबून असते. वजन दुप्पट केले तर शक्ती दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते.

दोन काडतुसांची तुलना केली असता हे स्पष्ट होईल. चंपावतच्या कामगिरीबद्दल कॉर्बेट यांना .२७५ मापाची रिग्बी रायफल भेट मिळाली. तिची गोळी सुमारे ९ ग्रॅमची असून वेग सेकंदाला सुमारे ८१० मीटर आहे. भारतात सर्वाधिक परिचित असलेल्या .३१५ रायफलीची गोळी जवळजवळ १६ ग्रॅमची, पण तिचा वेग सुमारे ६१० मीटर. हिशेब केला तर दोन्ही गोळ्यांची नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा सारखीच, म्हणजे सुमारे ३,००० जूल येते. मग फरक कोठे पडतो? हवेचा रोध सोडून दिला तरी २०० मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने पहिली गोळी ३० सेंटिमीटर खाली येते, तर दुसरी ५३ सेंटिमीटर. काळविटाची छाती फार खोल नसते. उघड्या माळावर अंतराचा अंदाज थोडा चुकला, तर दुसरी गोळी छाती सोडून पायावर बसते. दाट जंगलात पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या सांबरावर मात्र हा फरक नगण्य ठरतो. यावरून असे दिसते की, शस्त्राची निवड प्राण्याइतकीच प्रदेशावरही अवलंबून असते.

प्राणी जसजसा मोठा, तसतशी शक्तीची गरज वाढते. चितळाचा नर ऐंशी किलोग्रॅमच्या आसपास, तर सांबराचा मोठा नर तीनशे किलोग्रॅमपर्यंत भरतो. कोल्हापूरच्या दाजीपूरच्या रानात किंवा निलगिरीच्या उतारावर दिसणारा पूर्ण वाढलेला गवा आठशे किलोग्रॅमच्याही पुढे जातो. त्याच्या खांद्याची हाडे व स्नायू भेदून काळजापर्यंत पोचण्यास हरणाची रायफल पुरत नाही. बंगळूरचे केनेथ अँडरसन हे सेलम व त्या भोवतीच्या जंगलांत .४०५ विंचेस्टर वापरीत. तिची गोळी १९.४ ग्रॅमची व ऊर्जा सुमारे ४,३०० जूल. १९१२ साली निघालेल्या .३७५ मॅग्नम रायफलीची गोळी तेवढ्याच वजनाची. परंतु वेग अधिक असल्यामुळे तिची ऊर्जा साडेपाच हजार जूलच्या वर जाते. हत्ती व गवा यांच्यासाठी असलेल्या .४७० दुनळी रायफलीची गोळी ३२ ग्रॅमची असून ऊर्जा सात हजार जूलच्या घरात आहे.

गोळीची घडण

शक्तीइतकेच महत्त्व गोळीच्या घडणीला आहे. जिच्या टोकाशी शिसे उघडे असते ती मऊ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलते व रुंद जखम करते. हरणासाठी हीच योग्य. कारण तिने मृत्यू लवकर येतो. संपूर्ण धातूच्या आवरणाची कठीण गोळी हरणाच्या आरपार निघून जाते आणि लहानसे छिद्र घेऊन प्राणी कित्येक मैल पळतो. उलट, मऊ गोळी गव्याच्या खांद्यावर आधीच फुलून थांबण्याचा धोका असतो. तेथे कठीण गोळीचीच गरज पडते. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यामुळे फुलणाऱ्या गोळीला जगभर ‘डमडम’ हे नाव मिळाले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. युद्धात जी गोळी क्रूर मानली गेली तीच शिकारीत दयेची ठरली, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे. सैनिकाला जायबंदी करणे पुरेसे असते. प्राण्याला जायबंदी करणे हेच शिकारीतील पाप.

अति शक्तीचा दोष

मग सर्वांत जबरदस्त रायफल घेणे हा उपाय नव्हे काय? नव्हे. गोळी ज्या संवेगाने पुढे जाते, निदान तेवढ्याच संवेगाने रायफल मागे धक्का देते. .४७० च्या गोळीचा संवेग .२७५ च्या गोळीच्या जवळजवळ तिप्पट आहे. असा धक्का सोसण्याची सवय नसलेला माणूस चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम चुकवितो. पोटात बसलेल्या प्रचंड गोळीपेक्षा काळजात बसलेली मध्यम गोळी श्रेष्ठ. ज्या शस्त्राने माणूस न दचकता नेम धरू शकतो, त्यांतील पुरेशा शक्तीचे शस्त्र निवडावे, हाच नियम अनुभवाने खरा ठरला आहे.

कायद्याचा प्रभाव

भारतात निवडीवर कायद्याचेही बंधन होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० मापाच्या रायफली व काडतुसे यांची आयात बंद केली; त्या मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती असून त्यांना दारूगोळा मिळू नये, हा हेतू होता. त्यामुळे इंग्रज कारागिरांनी .४६५ व .४७० अशी नवी मापे काढली. .३०३ हे लष्करी माप सामान्य नागरिकास निषिद्ध राहिले व त्याची जागा .३१५ ने घेतली. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात याच मापाची रायफल तयार होऊ लागली. म्हणजे देशात सर्वत्र दिसणारी रायफल ही शिकाऱ्याच्या पसंतीपेक्षा राज्यकर्त्यांच्या भीतीतून आली.

आजची स्थिती

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक नियंत्रण आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवाने संपुष्टात आले. आता या अधिनियमाखालील वन्यप्राणी केवळ अपवादात्मक परिस्थितीत व अधिकृत आदेशानेच मारता येतो. मनुष्याच्या जीवितास धोका झालेला प्राणी किंवा पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर, हे असे अपवाद होत.

तथापि शस्त्रनिवडीचा मूळ प्रश्न यामुळे संपलेला नाही. त्याचे रूप मात्र पालटले आहे. २०२१ साली निलगिरीत गुडलूर व मसिनगुडी परिसरात ‘टी २३’ या वाघाने चार माणसे मारल्याचे सांगितले गेले. तीन आठवडे शोध चालला. मद्रास उच्च न्यायालयाने वाघास तत्काळ ठार न करण्याची सूचना दिली होती. अखेर १५ ऑक्टोबर रोजी गुंगीचे औषध भरलेल्या बाणाने त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडण्यात आले. औषधाचे प्रमाण, बाणाचा वेग, अंतर आणि तो शरीराच्या कोणत्या भागी बसावा, हे तेथेही ठरवावे लागले. प्रमाण कमी पडले तर चवताळलेला वाघ माणसांत शिरतो. अधिक झाले तर तो दगावतो.

गिंडीच्या कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या काळविटास आज रायफलीचे भय नाही. परंतु जेथे वन अधिकाऱ्याच्या हाती शस्त्र द्यावेच लागते, तेथे प्राण्याचा आकार, अंतर, गोळीची घडण आणि स्वतःच्या हाताची स्थिरता या चार गोष्टींचा विचार आधी करावा लागतो. तो न केल्यास काय होते, याची साक्ष चंपावतच्या वाघिणीचे मोडलेले सुळे देत आहेत.