युद्धवार्तांतील आद्याक्षरे

दुसऱ्या महायुद्धाच्या जुन्या वृत्तांत नाईक यशवंत घाडगे यांच्या नावापुढे ‘३/५ एम्. एल्. आय्.’ असे आढळले, तर मुलांनो, तो अपूर्णांक समजू नका! पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, असा त्याचा अर्थ. ‘व्ही. सी.’ म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, हाताखालचे सारे सैनिक मृत वा घायाळ झाले असता यशवंतरावांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे जिंकले आणि तेथेच देह ठेवला.

हानीच्या याद्या मात्र फार जपून वाचाव्या लागतात. ‘डी. ओ. डब्ल्यू.’ म्हणजे जखमांमुळे मृत, ‘पी. ओ. डब्ल्यू.’ म्हणजे युद्धकैदी, अर्थात जिवंत! पहिल्या अक्षराची शाई पुसट असेल, तर भिंग घेऊनच पाहावे.