डोकं दुखतंय? आधी गाडी शेडबाहेर काढा

प्रश्न : डॉक्टर, रायगडच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी आमच्या चार एटीव्ही आहेत. पावसाळाभर त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असतात. गणपती झाले की मी आणि माझा सतरा वर्षांचा पुतण्या त्या दुरुस्तीला घेतो. कार्बोरेटरमध्ये कचरा धरलेला असतो, गाडी स्लोला टिकत नाही, म्हणून तासन् तास चालू ठेवून सेटिंग करावं लागतं. पावसामुळे शेडचं दार अर्धं लोटलेलं असतं. यंदा कामाच्या दोन्ही दिवशी दुपारपर्यंत माझं डोकं ठणकू लागलं, मळमळलं. पुतण्याला तर चक्कर आली. घरी जेवायला गेलो की बरं वाटायचं. पित्ताची गोळी घेतली, फरक पडला नाही. काही औषध सांगाल का?

उत्तर : तुम्ही सगळं नीट लिहिलंत, त्यामुळे निदानाच्या खुणा तुमच्या पत्रातच सापडल्या. एकाच जागी काम करणाऱ्या दोघांना एकाच वेळी त्रास झाला. जागा सोडली की तो ओसरला, परत आलात की सुरू झाला. पित्त असं दोघांना मिळून उठत नाही. ही कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असावी असा माझा दाट संशय आहे. शेडमध्ये आणखी थोडा वेळ थांबला असतात तर हे पत्र लिहायला तुम्ही उरला नसतात, असंही होऊ शकलं असतं. म्हणून आज सविस्तर लिहितो. एटीव्ही असो, जुनी मोटारसायकल, शेतातला पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप किंवा जनरेटर, प्रत्येकाच्या दुरुस्तीला हे लागू आहे.

हा वायू करतो काय?

पेट्रोल पुरेशा हवेत जळालं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धुराचा वास येतो तो इतर घटकांचा, म्हणून वास कमी म्हणजे धोका कमी असं समजू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्टपणे या वायूला धरून ठेवतं. मग छाती नेहमीसारखी भरते, श्वास नेहमीसारखा चालतो, पण मेंदू आणि हृदय यांना ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातपाय गळतात. पुढे विचार गोंधळतो. इथेच खरा घात होतो, कारण ‘बाहेर जायला हवं’ हे सुचण्याची ताकदच हरपते.

बिघडलेली गाडी जास्त विषारी का?

तुमच्या कामातला हा भाग मी मुद्दाम समजून घेतला, कारण धोक्याचं मूळ तिथेच आहे. उभ्या गाडीतलं पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरमधल्या पायलट जेटच्या केसासारख्या बारीक भोकात बसतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते किनाऱ्यावरच्या दमट हवेतला ओलावा शोषून घेतं. पायलट जेट तुंबला की स्लोला पेट्रोल पोचत नाही आणि गाडी बंद पडते. मग आपण चोक ओढून किंवा रेस धरून ती चालू ठेवतो. चोक ओढला म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. एअर फिल्टर मळलेला असेल किंवा फ्लोटची सुई झिजून कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तरी तेच होतं. पेट्रोल जितकं जास्त आणि हवा जितकी कमी, तितका कार्बन मोनॉक्साइड अधिक. प्लग काढल्यावर त्यावर काजळी दिसली की समजा, हे इंजिन भरपूर विष ओकत होतं. आजारी इंजिन सर्वांत विषारी असतं आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याच्या सायलेन्सरशेजारी उकिडवे बसलेले असता.

‘दार अर्धं उघडं होतं’ हे मी अनेकांकडून ऐकतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये इतर सरकारी संस्थांसोबत छोट्या पेट्रोल इंजिनांबद्दल खास इशारा दिला होता. दारं-खिडक्या उघड्या ठेवून किंवा पंखा लावूनही जीव सुरक्षित राहील याची खात्री नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा करोनाकाळातला मास्क हा वायू अडवत नाही. शेड घराला लागून असेल तर तो खिडकीतून आत झोपलेल्यांपर्यंतही जातो. गरोदर बाई घरात असेल तर विशेष जपा. पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो.

काम कोणत्या क्रमाने करावं?

निम्म्याहून जास्त काम बंद इंजिनवर होतं. टाकी आणि फ्लोट बाउलमधलं शिळं पेट्रोल काढा, फिल्टर धुवा, प्लग पाहा, कार्बोरेटर उतरवून जेट साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. भोक रुंदावलं तर गाडी कायम जास्त पेट्रोल पीत राहते आणि जास्त विष सोडते. हे सगळं झाल्यावरच गाडी ढकलत उघड्यावर आणा आणि मग स्टार्ट करा. पाऊस असेल तर थांबा. सायलेन्सर भिंतीकडे किंवा दाराकडे नको आणि तुम्ही वारा येतो त्या बाजूला बसा, म्हणजे धूर तुमच्यापासून दूर जाईल.

गाडी गरम झाल्यावर आयडल स्क्रू फिरवताना आणखी एक सांभाळा. लहान ऑटोमॅटिक एटीव्हींना सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. स्लो जास्त वाढवला की चाकं आपोआप फिरू लागतात आणि गाडी समोरच्याच्या पायांवर चढते. पार्किंग ब्रेक लावा, चाकांना दगड लावा, समोर कुणाला उभं करू नका. हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढत असेल तर दोष बहुधा कार्बोरेटरचा नसून ताणल्या गेलेल्या केबलचा असतो. अशी गाडी पर्यटकांच्या मुलांच्या हाती कधीही देऊ नका.

पेट्रोल तोंडाने ओढू नका

नळी तोंडात धरून पेट्रोल काढण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. पेट्रोल पाण्यापेक्षाही पातळ असतं, एका ठसक्यात ते श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसं भाजतात. चुकून गेलंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. उलटीत तेच पेट्रोल पुन्हा फुप्फुसांकडे जातं. तोंड धुवा आणि दवाखान्यात जा. खोकला, धाप, ताप काही तासांनीही सुरू होतो, म्हणून निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहणं बरं. हातपंपाची नळी थोड्या पैशांत मिळते, ती आणाच.

हात पेट्रोलने धुऊ नका. त्यात बेंझीन असतं आणि ते कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. साबण-पाणी वापरा. क्लीनरचा फवारा किंवा हवेचा झोत मारताना जेटमधून थेंब उलटे डोळ्यात उडतात, तेव्हा चष्मा लावा. उडालंच तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, मगच दवाखाना गाठा. चालू गाडीवर हा फवारा मारू नका, तो क्षणात पेटतो. सायलेन्सरने भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका.

कुणी बेशुद्ध पडला तर?

धावत आत जाण्याआधी बाहेरून हाका मारून माणसं गोळा करा. वाचवायला गेलेला दुसराही अशा जागी कोसळू शकतो. दार सताड उघडा, हाताशी असेल तर इंजिन बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा : ‘बंद जागेत इंजिन चालू होतं.’ बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला हा वायू ओळखता येत नाही, तो ९८ दाखवत राहतो आणि सगळे निर्धास्त होतात. रक्ताची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी पडून राहू नका.

तुम्हा दोघांसाठी : पुतण्याला चक्कर आली होती, त्यामुळे दोघंही याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा आणि हृदयाचा ईसीजी काढून घ्या. मेंदूवरचे काही परिणाम दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं काही जाणवलं तर ‘वय आहे त्याचं’ म्हणून सोडून देऊ नका. पित्ताची गोळी बंद करा. तुम्ही मागितलेलं औषध तुमच्या शेडच्या दाराबाहेरच आहे. उरलेल्या गाड्या हाताने ढकलून अंगणात आणा, मगच त्यांचं इंजिन सुरू करा. आणि हे पत्र पुतण्याला वाचून दाखवा, कारण पुढची कित्येक वर्षं तोच त्या गाड्यांजवळ बसणार आहे.