नांदूर मध्यमेश्वर : वाचलेले आणि पाहिलेले पक्षी

कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे पक्ष्यांशी नाते बहुधा परीक्षेपुरतेच असते. हंस दुधातून पाणी निवडतो, चकोर चांदणे पितो, चक्रवाक रात्री जोडीदारापासून दुरावतो, हे आपण इमानेइतबारे लिहितो आणि गुण मिळवतो. यांतला एकही पक्षी गेल्या जानेवारीपर्यंत मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. भूगोल आणि मराठी या दोन विभागांची संयुक्त अभ्याससहल नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात गेली, तेव्हा माझे हे उणेपण सर्वांसमक्ष उघडे पडले.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ एक दगडी बंधारा आहे. १९०७ ते १९१३ या काळात तो बांधला गेला. हेतू सरळ होता, पाणी अडवावे आणि कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडच्या कोरड्या शेतांना द्यावे. पक्ष्यांचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. भूगोलाच्या सरांनी आम्हांला तेथे नेऊन प्रथम पक्षी दाखवले नाहीत, गाळ दाखवला. दोन नद्यांनी वर्षानुवर्षे आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे वर आली, त्यांवर पाणकणीस माजले. जलाशयाची साठवण घटली, म्हणजे अभियंत्याच्या दृष्टीने हा तोटाच. पण बुडी न मारता नुसती मान पाण्यात खुपसून तळ चाळणाऱ्या बदकांना खोल धरण काय कामाचे? त्यांना मानेच्या लांबीएवढेच पाणी हवे. तुतारीसारख्या चिखलपायी पक्ष्यांना तर घोटाभरही पुरते. एका दलदलीत एवढ्या जातींचे पक्षी भांडण न करता कसे राहतात, याचे उत्तर बरेचसे पाय आणि चोचीच्या लांबीत आहे. १९८६ साली हे क्षेत्र अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ज्या गाळाबद्दल कुरकुर करायची, त्यानेच हा लौकिक मिळवून दिला, असे म्हणायला हरकत नाही.

सकाळी साडेसहाला चापडगावच्या बाजूने आत शिरलो. धुके होते. पहिला अर्धा तास काही दिसले नाही, फक्त आवाज ऐकू येत होते, आणि आमच्यातल्या काहींना चहाची आठवण येत होती. मग ऊन वर आले आणि समोरचे पाणी एकदम ठिपक्यांनी भरून गेले.

सरांची एक अट होती. वाटाड्याने नाव सांगितले तर ते लगेच लिहायचे नाही. ते नाव त्या पक्ष्याला का शोभते, हे आधी दुर्बिणीतून शोधायचे. आरंभी ही अट जाचक वाटली. पण हळदीकुंकू बदकाने पहिला धडा दिला. काळ्या चोचीचे टोक पिवळेधमक आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके! नाव ठेवणारीने किंवा ठेवणाऱ्याने हा पक्षी जवळून आणि प्रेमाने पाहिला असला पाहिजे. थापट्याची चोच पाहिली की कुंभाराची थापटी आठवते. वारकरी मात्र आम्हांला बराच वेळ उलगडेना. काळाभोर पक्षी, थव्याने चालणारा, पण वारकरी कशावरून? शेवटी एकाने मान वळवली आणि कपाळावरचा पांढराशुभ्र टिळा दिसला. वर्गात व्युत्पत्तीचा तास असतो, तोच येथे पाण्याच्या काठावर चालला होता. ही नावे म्हणजे कोणीतरी आधी करून ठेवलेली निरीक्षणे आहेत. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी आदिवासींकडून, कोळ्यांकडून आणि जुन्या ग्रंथांतून अशी नावे जन्मभर का वेचली, हे त्या सकाळी थोडेसे कळले.

आता माझी फजिती. मला चक्रवाक पाहायचा होता. 'मेघदूता'त यक्ष आपल्या विरही पत्नीला एकट्या पडलेल्या चक्रवाकीची उपमा देतो. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात चक्रवाकवधूला निरोप घ्यायला सांगण्याच्या निमित्ताने शकुंतलेला सावध केले जाते. हे सर्व मला मुखोद्गत होते. मी दर दहा मिनिटांनी वाटाड्याला विचारी, "दादा, चक्रवाक कुठे दिसेल?" तो बिचारा जवळच्या गावातला तरुण, मान हलवी आणि पुढे चाले. मध्ये एकदा त्याने वाळूच्या उंचवट्यावरची एक नारिंगी-तांबूस जोडी दाखवून म्हटले, "ते बघा ताई, ब्राह्मणी बदक. जोडीनंच राहतं ते." मी वहीत 'ब्राह्मणी बदक, २' असे लिहिले, डोके फिकट बदामी असल्याची नोंद केली, आणि पुन्हा चक्रवाक शोधू लागले.

दुपारी झाडाखाली डबे सोडले तेव्हा याद्या वाचल्या गेल्या. माझ्या यादीशेवटी लिहिले होते : 'चक्रवाक – दिसला नाही.' मराठीच्या मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "अगं, दोन ओळी वर बघ." ब्राह्मणी बदक आणि चक्रवाक हे एकाच पक्ष्याचे दोन नावे! पोथीतले नाव मला ठाऊक होते, पक्षी वाटाड्याला ठाऊक होता, आणि दोघांच्या मध्ये तो पक्षी चांगली वीस मिनिटे उन्हात बसून होता.

त्याच बैठकीत सरांनी सर्वांच्या एकत्रित यादीतली ४९ नावे एकेक वाचली. ज्या पक्ष्याचे वर्णन पाहणाऱ्याला करता येईना, ते नाव खोडले. ११ नावे गेली. त्यांत एक गरुड होता आणि त्यावरून थोडी कटुताही झाली, कारण तो पाहिल्याचे सांगणारा मित्र आजही आपल्या म्हणण्यावर ठाम आहे. माझ्या मते सरांचे बरोबर होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुराव्याविना सनावळी लिहू देत नाहीत, मग पक्ष्यांच्या बाबतीत सवलत कशाला?

उरला प्रश्न विरहाचा. चक्रवाक लडाख-तिबेटकडच्या उंच प्रदेशात वीण करतात आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतात. जोडी घट्ट असते. ते रात्रीही चरतात आणि अंधारात एकमेकांना मोठ्याने साद घालतात. ही साद ऐकून कोणा कवीला नदीच्या दोन काठांवरची ताटातूट सुचली असेल का? मला तसे वाटते, पण सरांच्या नियमानुसार हे यादीत येत नाही. रात्री थांबून ऐकावे म्हटले, तर संध्याकाळी अभयारण्याबाहेर पडावे लागते. आम्ही निघालो तेव्हा ती जोडी त्याच उंचवट्यावर होती, एकमेकांपासून हातभर अंतरावर.